तबलाही आणि सतारही : दोन वाद्यं शिकणाऱ्या मुलांविषयी

मुलगा आठवीत आहे. तबल्यावर हात चांगला बसलाय, गावच्या भजनात त्याला हक्काची जागा आहे, आणि आता तो म्हणतो, मला सतारही शिकायची. घरात लगेच दोन तट पडतात. आजोबांच्या मते हे म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. आई म्हणते, आवड आहे तर शिकू दे. वडिलांसमोर फीचा, वाद्याच्या खर्चाचा आणि दहावीचा हिशेब उभा राहतो. तबल्याचे गुरुजी काही बोलत नाहीत, पण त्यांना ते फारसं रुचलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तेरा ते सोळा या वयात दोन वाद्यं शिकायला हरकत नाही. मात्र त्यातलं एक थोरलं आणि एक धाकटं असलं पाहिजे, आणि दोन्हींच्या मुळाशी गाणं असलं पाहिजे. हे का, आणि पाचोडसारख्या गावात राहून ते कसं साधायचं, हे पुढे सविस्तर मांडतो.

ज्यांना हे साधलं : नयन घोष

दोन वाद्यांवर सारखीच हुकमत कमावलेला कलावंत शोधायला फार लांब जावं लागत नाही. पंडित नयन घोष मुंबईचे. जन्म 1956 चा. ते तबल्याचा स्वतंत्र कार्यक्रम करतात आणि सतारीची मैफलही रंगवतात. तबलजींनी हौस म्हणून सतार छेडावी, असा हा प्रकार नाही. दोन्ही वाद्यांत ते पहिल्या फळीचे वादक मानले जातात.

त्यांच्या घराकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. वडील पंडित निखिल घोष नामवंत तबलावादक. उस्ताद अमीर हुसेन खाँ, उस्ताद अहमदजान थिरकवा आणि ज्ञानप्रकाश घोष यांच्याकडे ते शिकले होते. गाण्याचीही त्यांना पक्की बैठक होती. 1956 मध्येच त्यांनी मुंबईत ‘संगीत महाभारती’ ही संस्था सुरू केली. पुढे त्यांना पद्मभूषण मिळालं. काका पन्नालाल घोष, म्हणजे बासरीला शास्त्रीय मैफलीत मानाची जागा मिळवून देणारे कलावंत. धाकटे बंधू ध्रुव घोष सारंगी वाजवायचे, बहीण तूलिका घोष गातात. अशा घरातल्या मुलाला ताल आणि स्वर हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत. जेवताना कानावर पडतं तेही संगीतच असतं.

कोणी म्हणेल, ज्याच्या घरात हे सगळं आयतं, त्याला काय अवघड? ही शंका रास्त आहे. पण घरात वाद्यं असली म्हणून हात आपोआप चालत नाहीत, आणि कलावंतांच्या घरात जन्मूनही एकही वाद्य धड न आलेली मुलं असतातच. घोष यांच्या उदाहरणातून घ्यायचं ते वेगळंच. सतार वाजवणाऱ्याला तबला आतून माहीत असेल तर तो मोजून तिहाई बसवत नाही, ती त्याला दिसत असते. आणि साथीला बसलेला तबलजी स्वतः सतार वाजवत असेल तर गतीचा मुखडा कुठून उठणार, कुठे हात आवरायचा आणि कुठे मोकळं सुटायचं, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. एका वाद्याचा रियाज दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. हे ज्या जोडीत घडतं, ती जोडी चांगली.

गाता गाता व्हायोलिन : गजाननबुवा जोशी

दुसरं उदाहरण अस्सल मराठी मातीतलं. पंडित गजाननबुवा जोशी यांचा काळ 1911 ते 1987. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. गजाननबुवांना ग्वाल्हेर गायकी घरातूनच मिळाली. पुढे त्यांनी उस्ताद विलायत हुसेन खाँ यांच्याकडून आग्रा घराण्याची आणि उस्ताद भूर्जी खाँ यांच्याकडून जयपूर घराण्याची तालीम घेतली. एका घराण्यातून दुसऱ्यात डोकावणंही जिथे खपत नसे, त्या काळात त्यांनी तीन घराणी पचवली.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. व्हायोलिन ते बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकले आणि त्यातही मोठं नाव कमावलं. विनायकराव घांग्रेकरांकडे तबल्याचे धडे घेतले. श्रीधर पार्सेकरांसारखा अव्वल व्हायोलिनवादक त्यांच्याकडे घडला आणि उल्हास कशाळकरांसारखा गायकही. एकाच गुरूच्या हाताखालून गाणारे आणि वाजवणारे असे दोन्ही तयार झाले.

व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. म्हणून त्या वाद्यावर कानाचं राज्य चालतं. गजाननबुवांचा कान गाण्यानं तयार झालेला होता, त्यामुळे बोटांना जागा सापडत गेल्या. ज्या मुलाचा सूर गळ्यात पक्का नाही, त्याच्या हाती थेट व्हायोलिन दिलं तर वर्ष-दीड वर्ष घरचे हैराण होतात आणि मुलगाही. आधी गळा, मग गज, हा क्रम मोडू नये.

देवगिरीच्या ग्रंथातली चार खाती

कोणतं वाद्य कोणत्या वाद्याशेजारी ठेवावं, हे ठरवायला आपल्याच जिल्ह्यातला एक जुना ग्रंथ उपयोगी पडतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. सिंघण राजाच्या कारकिर्दीत तो हिशेब आणि दप्तराचं काम पाहत असे, आणि त्यानंच ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांच्या या ग्रंथाला हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती आजही आपला आधार मानतात. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे. आपण दौलताबादचा किल्ला पाहायला जातो तेव्हा तोफा पाहतो, अंधारी पाहतो, चांदमिनार पाहतो. भारतीय संगीतातला हा थोर ग्रंथ त्याच राजधानीत लिहिला गेला, हे मुलांना सांगायचं मात्र राहून जातं.

वाद्यांची चार प्रकारची विभागणी नाट्यशास्त्रापासून चालत आली आहे, आणि शार्ङ्गदेवानंही ती घेतली आहे. तारांची ती तत, फुंकून वाजणारी सुषिर, कातडं मढवलेली अवनद्ध आणि धातूची वा लाकडाची, एकमेकांवर आपटून वाजणारी घन. सतार-व्हायोलिन पहिल्या खात्यात, बासरी-सनई दुसऱ्या, तबला-पखवाज तिसऱ्या आणि टाळ-झांज चौथ्या. पेटी हवेवर वाजते म्हणून ती सुषिराकडे धरतात.

यावरून एक सोपा नियम निघतो : दोन वाद्यं वेगवेगळ्या खात्यांतली घ्यावीत, एक स्वराचं आणि एक तालाचं. तबला आणि सतार, पखवाज आणि बासरी, तबला आणि व्हायोलिन. या जोड्यांत बोटांच्या सवयी एकमेकींच्या आड येत नाहीत, आणि विद्यार्थ्याला संगीताच्या दोन्ही बाजू कळतात. गोव्याचे लक्ष्मणराव पर्वतकर, म्हणजे लयभास्कर खाप्रुमामा, यांचं नाव आज लयीसाठीच घेतलं जातं. दोन्ही हातांनी आणि पायानं एकाच वेळी निरनिराळे ताल धरण्याची त्यांची ख्याती होती. पण ते सारंगीही वाजवायचे. लयीतला एवढा मोठा माणूस सुरांच्या सहवासात वाढलेला होता.

एकाच खात्यातली दोन वाद्यं, म्हणजे सतार आणि सरोद, किंवा व्हायोलिन आणि सारंगी, या वयात सहसा एकत्र घेऊ नयेत. हातांना दोन उलटसुलट सवयी लागतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. याला आपल्याकडे एक मोठा अपवाद आहे.

पखवाज आणि तबला : आपल्या भागाची जोडी

पाचोड पैठण तालुक्यातलं. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या, ज्ञानेश्वरांचं आपेगाव, गावोगावचे हरिनाम सप्ताह, यांमुळे इथल्या मुलाच्या कानावर पहिलं वाद्य पडतं ते पखवाज. त्याला ते शिकायला कुठे जावं लागत नाही. कीर्तनात मृदंगाचार्यांच्या मागे बसून टाळ धरता धरता ठेका अंगात मुरतो, आणि एक दिवस महाराज म्हणतात, बस रे पोरा, वाजव.

या परंपरेतून थेट शास्त्रीय मैफलीच्या मंचावर गेलेलं मराठवाड्यातलं नाव म्हणजे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर. त्यांचं आपेगाव वेगळं, बीड जिल्ह्यात अंबाजोगाई तालुक्यातलं. वारकरी पखवाज देशभरच्या जाणकारांपुढे ताठ मानेनं वाजला तो त्यांच्यासारख्यांमुळे. त्यांचा वारसा मुलगा उद्धवबापू चालवतात. पखवाज म्हणजे ‘देवळातलं वाद्य’ असं समजून नाक मुरडणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावं.

पखवाज जवळून पाहिला नसेल तर एकदा कीर्तन सुरू व्हायच्या आधी जाऊन बसा. वादक कणकेचा गोळा भिजवून घेतो, डाव्या तोंडाच्या मध्यावर थापतो, बोटांनी गोल पसरवतो, आणि थाप मारून कान देतो. आवाज पातळ वाटला तर आणखी थोडी कणीक, जड वाटला तर कडेनं काढून टाकायची. उजव्या तोंडाला शाई कायमची असते, पण डाव्याची ही ‘शाई’ रोज नवी. कीर्तन लांबलं की कणीक सुकते आणि घुमारा कमी होतो, मग वादक बोट पाण्यात बुडवून ती ओली करून घेतो. कार्यक्रम संपला की सगळी खरवडून काढायची. जो मुलगा हे मन लावून करतो, त्याचा कान आपोआप तयार होत असतो.

आता हाच मुलगा तबल्याकडे वळला की पहिली अडचण येते ती हाताची. पखवाज पंजानं वाजतो. थाप मोकळी असते, तळहात वापरला जातो, खांद्यापासून जोर येतो. तबल्यात सगळी करामत बोटांच्या टोकांची. चाटेवर तर्जनी पडते तेव्हा अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते, मनगट शांत असतं. पखवाजाची सवय असलेला मुलगा तबल्यावरही पंजा मारतो. आवाज मोठा येतो, गावात टाळ्याही मिळतात, पण दिल्लीचा कायदा त्या हातानं वाजत नाही. शिवाय बोल तेच असतात. ‘तिट’, ‘किट’, ‘धा’ हे शब्द दोन्हीकडे आहेत, निकास मात्र निराळे. तोंडाला एकच बोल आणि हाताला दोन वळणं, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतोच.

तरीही ही जोडी आपल्या मुलांनी सोडू नये असं मला वाटतं. चौताल, धमार, सूलताल, तीव्रा हे ताल पखवाजातून आले की ते हाडात बसतात. परणांचं वजन, लांबच लांब वाजवण्याचा दमसास आणि आसाची जाण हे पखवाज देतो. पेशकार, कायदा, रेला यांतला विस्तार आणि बोटांची सफाई तबला देतो. नाना पानसे यांच्या परंपरेत पखवाज आणि तबला दोन्ही जोपासले गेले, यावरून ही सांगड महाराष्ट्रात किती जुनी आहे ते कळतं.

पथ्य एकच. एकाच दिवशी दोन्हींचा कसून रियाज करू नये. सप्ताहाचे आठ दिवस पखवाज वाजला तर त्यानंतर दोन दिवस तबल्यावर फक्त विलंबित, हलक्या हातानं वाजवावं. हात पुन्हा बोटांवर येऊ द्यावा.

पेटीचं काय?

गावात मिळणारं दुसरं वाद्य म्हणजे पेटी. तिच्याकडे नाक मुरडणारेही बरेच. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. आक्षेप खरा होता : पेटीचे सूर ठरलेले, तिच्यावर मींड निघत नाही, दोन सुरांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही. पण तीच पेटी गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या हाती गायला लागली. आप्पा आपल्या जालना भागातले, आणि आधी गाणं शिकलेले. त्यांच्या पेटीत गायकी होती ती तिथून आलेली.

मुलगे बारा ते पंधरा या वयात असताना आवाज फुटतो. आतापर्यंत गोड गाणाऱ्या मुलाचा सूर एकाएकी बसत नाही आणि तो खट्टू होऊन गाणंच सोडतो. या काळात पेटी त्याला संगीतात टिकवून धरते. रागाचे सूर बोटाखाली राहतात, कानावर राहतात. फक्त पेटीच्या सुराला तानपुऱ्याची जोड हवी, नाहीतर कान पेटीच्याच सुरांना चिकटून बसतो.

थोरलं कोणतं, धाकटं कोणतं

दोन्ही वाद्यं अगदी समान ठेवता येतात का? फार थोड्यांना. जर्मनीची व्हायोलिनवादक युलिया फिशर हिनं 1 जानेवारी 2008 रोजी फ्रँकफर्टला एकाच संध्याकाळी सँ-साँसचा तिसरा व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि ग्रीगचा पियानो कॉन्चेर्तो वाजवला. तेव्हा ती 24 वर्षांची होती. चौथ्या वाढदिवसाआधी व्हायोलिन आणि पाठोपाठ आईकडे पियानो, अशी तिची सुरुवात. तरीही जग तिला ओळखतं ते व्हायोलिनसाठी. एवढ्या ताकदीच्या बाईनंसुद्धा एकाला थोरलेपण दिलं.

थोरलं वाद्य ओळखायची माझी खूण अशी. मुलाला कोणी न सांगता, परीक्षा जवळ नसताना, तो कोणतं वाद्य उचलतो ते पाहा. टाळ्या ज्यावर जास्त मिळतात ते थोरलं असेलच असं नाही. उलट गावातल्या मुलांची दिशाभूल अनेकदा टाळ्यांनीच होते. थोरल्या वाद्याचा रियाज रोज आणि आधी. धाकट्याचा आठवड्यातून तीन-चार दिवस, थोडा, पण नेमानं. परीक्षेच्या महिन्यात किंवा शाळेचं ओझं वाढल्यावर कात्री लागली तर ती धाकट्याला लागेल, हे आधीच ठरलेलं असावं. मग भांडण उरत नाही.

शिकवणारे दोन, तालीम एक

दोन गुरू असतील तर पहिलं काम म्हणजे दोघांना एकमेकांची कल्पना देणं. लपवाछपवी करू नये. तबल्याच्या गुरुजींना सांगून, त्यांचा आशीर्वाद घेऊन सतारीच्या वर्गाला जावं. बहुतेक गुरू समजूतदार असतात. त्यांची काळजी रियाजाची असते, मानापमानाची नव्हे. सतारीवर या महिन्यात झपतालातली गत चालू आहे हे कळलं तर तबल्याचे गुरुजीही झपतालाचा कायदा काढतील. एवढ्या एका समन्वयानं मुलाचं ओझं पुष्कळ हलकं होतं.

वाद्य बदललं तरी तालीम एक कशी राहते, याचं सर्वांत मोठं उदाहरण अन्नपूर्णादेवींचं. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या या कन्येनं आधी सतार आणि मग वडिलांच्या सांगण्यावरून सुरबहार आपलंसं केलं. आयुष्याची कित्येक दशकं त्या मुंबईत राहिल्या आणि 2018 मध्ये तिथेच गेल्या. मैफली त्यांनी फार लवकर सोडल्या, शिकवणं सोडलं नाही. निखिल बॅनर्जी सतारीचे, हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर बासरीचे, तरी सगळे त्यांच्याकडे शिकले. बासरी त्या वाजवत नव्हत्या. त्या गाऊन शिकवायच्या, आणि शिष्यानं ते आपल्या वाद्यावर उतरवायचं. म्हणून मी म्हणतो की दोन वाद्यं शिकणाऱ्या मुलानं रोज थोडं गायलंच पाहिजे. आवाज गोड नसला तरी चालेल. सरगम, पलटे, एक बंदिश, आणि हातावर ताल देत तबल्याच्या बोलांची पढंत. कोपऱ्यात बसून, दार लावून केलं तरी चालेल.

हात, बोटं आणि विश्रांती

सतार शिकू लागलं की पहिल्या काही आठवड्यांत डाव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर तारेची रेघ उमटते. मींड काढताना तार पडद्यावरून बाजूला ओढायची असते, त्यामुळे ती रेघ खोल जाते, दुखते, आणि हळूहळू तिथे घट्टा पडतो. हे व्हायचंच. पण त्याच बोटांनी लगेच डग्गा वाजवला तर कळ निघते. म्हणून दोन्हींचा रियाज एका दिवशी असेल तर तबला आधी, सतार नंतर, आणि मध्ये पुरेसा अवकाश. उजव्या तर्जनीत नखी फार घट्ट घालू नये, त्याच बोटाला तबल्यावर चाट वाजवायची आहे.

व्हायोलिन घेणार असाल तर मुलाच्या मापाचं घ्या. पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशी मापं मिळतात. ‘वाढत्या अंगाचा’ सदरा घ्यावा तसं मोठं व्हायोलिन घेतलं तर मान आणि खांदा भरून येतो.

दुखणं दोन प्रकारचं असतं. बोटाची कातडी दुखणं साधं. मनगट, कोपर, खांदा दुखणं, बोटांना मुंग्या येणं, पकड सैल होणं ही मात्र थांबण्याची खूण. स्पर्धेसाठी एकाएकी रियाज दुप्पट केला की असं होतं. अशा वेळी हाताला विश्रांती द्यावी, डॉक्टरांना दाखवावं, आणि तोवर पढंत आणि श्रवण चालू ठेवावं. दुखऱ्या हातानं रेटून वाजवण्यात कसलाही पराक्रम नाही.

परीक्षा, गुण आणि शिष्यवृत्ती

आपल्याकडे बहुतेक मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच परंपरेतलं हे मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण, आणि त्यापुढे अलंकार अशा पायऱ्या आहेत. दरवर्षी एक म्हटलं तरी विशारदपर्यंत सात वर्षं जातात. प्रत्येक वाद्याची परीक्षा स्वतंत्र असते.

माझा सल्ला असा की परीक्षा थोरल्या वाद्याच्याच द्याव्यात. धाकटं वाद्य परीक्षेविना शिकू द्यावं. दोन वाद्यांच्या परीक्षा सुरू झाल्या की मुलगा सालाबादप्रमाणे अभ्यासक्रम उरकतो, आणि राग किंवा कायदा मुरायला वेळच राहत नाही. भिंतीवर प्रमाणपत्रं वाढतात, हातात मात्र काही राहत नाही.

मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय वादनाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुणांची सवलत मिळते. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, त्यामुळे नववीतच मुख्याध्यापकांकडून चालू नियम, लागणाऱ्या परीक्षा आणि मुदत विचारून ठेवावी. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, प्रतिभाशोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. ती ग्रामीण भागातल्या फार थोड्या पालकांना माहीत असते, आणि कळेपर्यंत मुलाचं वय निघून गेलेलं असतं. पुढे 16 ते 24 या वयात आकाशवाणीची संगीत स्पर्धा देता येते.

पाचोडहून शिकायचं तर

पाचोड सोलापूर-धुळे महामार्गावर, छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर. आडूळमार्गे रविवारी जाऊन-येऊन एक वर्ग सहज होतो. मोसंबीचा बाजार जोरात असतो तेव्हा रस्त्याला गर्दी, एवढाच काय तो त्रास. दोन वाद्यांसाठी दोन फेऱ्या मात्र परवडत नाहीत, पैशानं आणि वेळेनंही. म्हणून इथल्या मुलानं एक वाद्य गावातलं आणि एक शहरातलं असं धरावं. पखवाज, तबला किंवा पेटी गावात शिकायची, आणि सतार, व्हायोलिन किंवा बासरीसाठी शहर गाठायचं.

ऑनलाइन शिकवणीचा उपयोग होतो, पण मर्यादित. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरुशिष्यांना एकत्र वाजवता येत नाही. सम चुकल्यासारखीच वाटते. डग्ग्याचा घुमारा फोनच्या स्पीकरमधून कळतही नाही. पाठांतर, शंका, रागाची चर्चा यांसाठी फोन चालेल. हाताची ठेवण मात्र समोर बसूनच दुरुस्त होते.

सतार घ्यायची तर मिरजेच्या कारागिरांचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून तिथे तंतुवाद्यांची परंपरा सुरू झाली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पहिली सतार नवीच हवी असा हट्ट नको. जुनी, पण भोपळा धड असलेली आणि जवारी लावून घेतलेली सतार विद्यार्थ्याला पुष्कळ. एसटीतून नेताना कडक पेटी असावी, भोपळा एका धक्क्यात तडकतो. तबला घेताना पट्टी पाहा. सतारीचा सा सहसा काळी एकच्या आसपास असतो, आणि भजनी मंडळाचा तबला त्यांच्या गाणाऱ्याच्या पट्टीला लावलेला. एकच तबला दोन्हीकडे चालेल असं गृहीत धरू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कातडं ताणतं आणि तबला चढतो, पावसाळ्यात उतरतो. म्हणून हातोडी वापरायला मुलानं पहिल्याच वर्षी शिकावं.

संभाजीनगरला एमजीएमच्या महागामी गुरुकुलात दरवर्षी शार्ङ्गदेव समारोह होतो. नाव त्याच देवगिरीच्या पंडिताचं. मुलाला तिथे एकदा तरी घेऊन जा. मोबाइलवर हजार चित्रफिती पाहण्यापेक्षा दोन तास पुढच्या रांगेत बसून ऐकणं जास्त देऊन जातं.

कधी सोडायचं

दोन वाद्यं सुरू केली म्हणजे दोन्ही जन्मभर चालवलीच पाहिजेत, असं नाही. दीड-दोन वर्षांनी मुलाशी मोकळेपणी बोलावं. धाकटं वाद्य आठवडेच्या आठवडे खोळीतून निघत नसेल, किंवा त्याच्यामुळे थोरल्याची तयारी मागे पडत असेल, तर ते खुशाल थांबवावं. वाया काही जात नाही. दोन वर्षं तबला शिकून फक्त सतारीकडे वळलेला मुलगा लयीला कधी कच्चा राहत नाही. आणि कधी धाकटंच थोरलं होतं. तेही होऊ द्यावं. त्यात तबल्याच्या गुरुजींचा अपमान नाही आणि आजवरचा खर्चही बुडत नाही.

शेवटी पाचोड आणि आसपासच्या गावांतल्या सप्ताह समित्यांना आणि भजनी मंडळांना एक विनंती. मंडळाच्या कपाटात वर्षभर बंद पडून असलेला तबला आणि पेटी नाव लिहून, वहीत सही घेऊन गावातल्या शिकणाऱ्या मुलांना वापरायला द्या. आणि यंदाच्या सप्ताहात कीर्तन सुरू होण्याआधीची वीस मिनिटं एखाद्या मुलाला किंवा मुलीला स्वतंत्र वादनासाठी राखून ठेवा.